तिसरी प्रत दुसऱ्या घरी

॥ श्री ॥

चामराजपेट, बेंगळूरु
मंगळवार, १२ ऑगस्ट २०२५

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद. सौ. यशश्रीलाही.

इकडे सर्व क्षेम, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. मार्केटपासून मेट्रो धरली तर पाऊण तासात मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, पीण्याला, तुझ्या दारात उभी राहीन, आणि तरी पोस्टाचं पाकीट आणून बसले आहे. गेल्या आठवड्यात तीनदा फोन केला, तू उचलला नाहीस. ही तक्रार नाही. पत्राचं बरं असतं. नको वाटलं तर बाजूला ठेवता येतं, पुन्हा वाटलं तर उघडता येतं.

दुकान जूनपासून उघडलं आहे. हे गेल्यावर आठ महिने शटर खाली होतं, पण शाळा कुणासाठी थांबत नाहीत. जुन्या तीन शाळांनी गणवेशाचं काम पुन्हा दिलं. विनोदकुमार मास्तर कापतात, मी काजं-बटणं आणि गिऱ्हाईक बघते. मास्तरांना आता सुईत दोरा ओवता येत नाही, तो मी ओवून देते. ते म्हणतात, "अक्का, पुस्तकं वाचून वाचून तुमचे डोळे शाबूत राहिले." तसं काही नसतं, पण म्हातारपणी कुणाला खोटं पाडू नये.

वाचन हल्ली बंद आहे. मंडळाच्या लायब्ररीचं कार्ड मी परत केलं. कारण काही नाही.

आता कामाचं लिहिते. तू दुकानात बसवलेले चार कॅमेरे आणि काउंटरखालचा रेकॉर्डर अजून चालू आहेत. लाइट गेली तरी तू जोडून दिलेल्या बॅटरीवर चालतात. महिना झाला, रेकॉर्डरमधून किरकिर ऐकू येते, तेल आटलेल्या मशीनसारखी. एस. पी. रोडवर रूपश्री म्हणून एक बाई कॅमेऱ्यांचं दुकान चालवते, तिला आणून दाखवलं. तिनं कान लावला आणि म्हणाली, "अक्का, डिस्क थकली. आणि भरतही आली, स्वल्प दिवस राहिले. भरली की यंत्र सगळ्यात जुनं असेल ते आधी पुसतं आणि त्यावर नवं लिहितं."

मला वाटायचं, कॅमेऱ्यानं पाहिलं ते राहतं. ते राहत नाही, हे मला एकोणसाठाव्या वर्षी कळलं.

त्यातलं थोडं जुनं रेकॉर्डिंग मला राखायचं आहे. फार नाही, तास-दीड तास. स्वस्तात व्हायला हवं आणि खात्रीचं हवं. रूपश्री म्हणते पेनड्राइव्हवर देते. तिच्या शेजारचा म्हणतो पेनड्राइव्हचा भरवसा नाही, इंटरनेटवर ठेवा, दर महिन्याला थोडं भाडं. मी विचारलं, भाडं चुकलं तर? तो हसला. म्हणजे सामान रस्त्यावर येणार. तिसरा म्हणतो मोठी नवी डिस्कच घाला. कापड असतं तर मी सांगितलं असतं, कुठलं विटेल आणि कुठलं टिकेल. यातलं मला कळत नाही आणि ज्याला कळतं असा माणूस मला एकच माहीत आहे.

कामातलं विचारते आहे. घरातलं काही विचारत नाही. चार ओळी लिहिल्यास तरी पुरे.

कळावे,
अनुसूया विठोजी पतंगे


॥ श्री ॥

चामराजपेट
सोमवार, १ सप्टेंबर २०२५

चि. सुहास यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. कारखान्याच्या छापील कागदाची पाठकोरी बाजू आणि तुझं अक्षर. सहावीत होतं तसंच आहे, 'र' अजून पडायला आल्यासारखा. वर तारीख आणि एकदम आकडा एक. मायना नाही, वहिनी नाही. मी म्हटलं, चार ओळी मागितल्या होत्या, त्यानं दीड पान दिलं. माझ्या पदरात माझ्या मापापेक्षा जास्तच पडलं.

तू लिहिलंस तसं सगळं केलं. रेकॉर्डरची डिस्क म्हणजे कपाट नाही, पाटी आहे, तिच्यावर काही राखून ठेवायचं नसतं, हे तुझं वाक्य मी रूपश्रीला कन्नडमधून सांगितलं. ती म्हणाली, "हे कोण सांगतंय? सरी, बरोबर सांगतंय." मी म्हटलं, माझा दीर. बऱ्याच दिवसांनी हा शब्द तोंडातून निघाला.

कॅमेऱ्यांसाठी म्हणून वेगळी डिस्क मिळते, तीच घातली. रात्रंदिवस लिहायचं काम तिला झेपतं आणि साध्या डिस्कला झेपत नाही, हे मला पटलं. घरच्या मशीनवर दुकानाचं काम काढलं तर मशीन बसतंच. जुनी डिस्क बाहेर काढून कापडात गुंडाळून ठेवली आहे. हवं ते रेकॉर्डिंग वेगळं काढलं आणि दोन प्रती केल्या. एक छोट्या बाहेरच्या डिस्कवर, ती कपाटात लुगड्यांच्या खाली आहे. दुसरी पेनड्राइव्हवर, देवघराच्या खणात. दोन्ही वेगवेगळ्या जातीच्या, तू म्हणालास तशा. इंटरनेटचं भाडं घेतलं नाही.

तुझे तीन मुद्दे राहिले आहेत. तिसरी प्रत दुसऱ्या घरी ठेवावी. दर सहा महिन्यांनी प्रत्येक प्रत पहिल्यापासून शेवटपर्यंत चालवून बघावी, कारण पडून राहिलेली डिस्कही मरते आणि मेल्याचं सांगत नाही. आणि अगदी खाली, दुसऱ्या पेनानं लिहिलेली ओळ: 'यंत्राची तारीख बरोबर आहे का ते बघा. जुन्या रेकॉर्डरमधला घड्याळाचा सेल गेला की ते बंद करून चालू केल्यावर मागे जातं.'

ती ओळ वाचली आणि कागद पालथा घालून मी भाजी चिरायला बसले.

तू ओळखलंस. बहुतेक त्याच दिवशी ओळखलं असशील. मग मी तरी किती वळसे घालू? ते रेकॉर्डिंग आहे, सुहास. हे गेले त्या दिवसाचं.

तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय माझ्याच डोक्यात ते ओळीनं बसत नाही. आयुधपूजेला आपल्याकडे सगळ्या हत्यारांना सुट्टी असते. कात्र्या, मशिनी, इस्त्री, सगळं पुसून, गंध लावून, फूल वाहून एक दिवस गप्प ठेवायचं. यांनी त्या वर्षी रेकॉर्डरही पूजेत मांडला. म्हणाले, "वर्षभर डोळे उघडे ठेवून बसतो बिचारा, एक दिवस झोपू दे." गुरुवारी संध्याकाळी सगळ्या वायरी काढल्या, शनिवारी दसऱ्याला सकाळी दहाच्या मुहूर्तावर परत लावल्या. इंटरनेटची तेवढी लावायची राहिली. त्यामुळे त्याला आजची तारीख कोण सांगणार? ते एक जानेवारी दोन हजार धरून मोजायला लागलं. सोमवारी चौदा ऑक्टोबरला हे गेले, तेव्हा यंत्राच्या लेखी तीन जानेवारी होती.

दहाव्याचं करून आपण श्रीरंगपट्टणहून परत आलो, तेव्हा माझा भाऊ अप्पासाहेब रेकॉर्डरपुढे बसला. ऑक्टोबर काढला. दहा तारखेच्या संध्याकाळनंतर कोरं. तो म्हणाला, "कुणीतरी पुसलंय." फुलवाल्या कावेरीनं आदल्या दिवशीच सांगितलं होतं की तू त्या सकाळी दुकानात आला होतास आणि यांचा, अण्णांचा, आवाज चढला होता. तू दुकान सोडून पीण्याला नोकरी धरलीस तेव्हापासून दोन महिने ते तुझ्याशी बोलत नव्हते, हे तर सगळ्यांनाच ठाऊक. तू पुढे झालास. "वहिनी, मला पाच मिनिटं बघू दे." आणि मी म्हणाले, हात लावू नकोस. तूच बसवलेस, तूच पुसलंस. भांडून त्यांचा जीव घेतलास आणि आता पुरावा शोधायचं नाटक करतोस.

बावीस माणसं होती. मी मोजली नव्हती, पण नंतर एकेक आठवून मोजली.

पाच मिनिटांत तुला सापडलं असतं.

मला आत्ताच सापडलं. आणि जे दिसलं ते असं. तू येतोस, दाराशीच चपला काढतोस. खिशातून बन्नीची पानं काढून यांच्या हातावर ठेवतोस, दसऱ्याचं सोनं, दोन दिवस उशिरानं. वाकतोस. हे पहिल्यांदा तुझ्याकडे बघतच नाहीत, कापडाची घडी घालत राहतात. मग पानं शर्टाच्या खिशात टाकतात, दारात जातात आणि समोरच्या हॉटेलकडे बघून हात तोंडाशी धरून ओरडतात, दोन बोटं वर करून. थोड्या वेळानं कॉफी येते. बाय-टू. तो चढलेला आवाज कावेरीनं ऐकला होता. एक कॉफी दोघांत वाटून पिणारी माणसं भांडत नसतात, हे या गावातल्या कुणालाही सांगावं लागत नाही.

तू जाताना यांनी तुझ्या पाठीवर हात ठेवला. कॅमेरा वरून आहे, त्यामुळे चेहरे नीट दिसत नाहीत. हात दिसतो.

शनिवारी चार ऑक्टोबरला वर्षश्राद्ध आहे. सगळे जमतील. तेव्हा हे मी सगळ्यांना दाखवणार आहे. ज्यांच्यापुढे बोलले त्यांच्यापुढेच ते परत घेईन. रूपश्रीनं विचारलं, "अक्का, कुठून कुठपर्यंत काढून देऊ?" मी सांगितलं, तो आत येतो तिथून तो जातो तिथपर्यंत. तेवीस मिनिटं. तेवढंच दोन्ही प्रतींत आहे.

तू यावंस असं म्हणायला मला तोंड नाही. तरी तारीख लिहून ठेवते.

वहिनी


॥ श्री ॥

चामराजपेट
शनिवार, २० सप्टेंबर २०२५

प्रिय सुहास,

तुझं कार्ड मिळालं. त्यावर एकच ओळ. 'मी गेल्यावर अण्णा किती वेळ एकटा होता?'

मला वाटलं होतं, तू रागावून लिहिशील, किंवा लिहिणारच नाहीस. दोन्हीची तयारी होती. या प्रश्नाची नव्हती. म्हणजे हे अकरा महिने तू तिकडे बसून हेच मोजत होतास. की थोडं थांबलो असतो तर. की त्याचा चेहरा उतरलेला होता आणि मला दिसला नाही. मी तुला खुनी म्हटलं आणि तू ते परतवलं नाहीस, कारण थोडंसं तुलाही तसंच वाटत होतं. हे मला सुचायला हवं होतं. तू अकरा वर्षांचा असताना मी या घरात आले. तुझ्या डोक्याला तेल लावलं आहे मी. तू ताप लपवायचास तेव्हाही असाच गप्प व्हायचास.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, मग माझं. यंत्राच्या वेळेत दहा तास मिळवले की खरी वेळ निघते. तू दहा अठ्ठावन्नला गेलास. त्यानंतर अडतीस मिनिटं अण्णा अगदी ठीक होते. पाचवीच्या मापाच्या तीन चड्ड्या त्यांनी कापल्या. पाणी प्यायले. एकदा खिशातून पानं काढून बघितली आणि परत ठेवली. कावेरी फुलं घेऊन देवाला माळ घालून गेली, तिच्याशी काहीतरी बोलून हसले. तू थांबला असतास तरी किती थांबला असतास? तुला कामावर जायचं होतं. तुझ्या जाण्यात काही नव्हतं, सुहास. हे मी नुसतं समजूत घालायला म्हणत नाही. बघून म्हणते.

तुला हे कळायचं कारण असं की तेवीस मिनिटांच्या पुढचंही रेकॉर्डिंग आहे. मी ते काढू दिलं नव्हतं.

गेल्या पत्रात मी लिहिलं की मला आत्ताच सापडलं. ते खोटं आहे. मला एकवीस नोव्हेंबरला सापडलं. दुकान बंद होतं, घरात करायला काही नव्हतं, पुस्तक धरवत नव्हतं, म्हणून रेकॉर्डरच्या खोक्यातली माहितीची चोपडी वाचायला घेतली. इंग्रजीत होती. मला इंग्रजी अक्षरं कुणी शिकवली, तुला आठवत असेल. तू सातवीत होतास, मी भाकऱ्या करायचे आणि तू पाटावर बसून परातीतल्या पिठात बोटानं काढून दाखवायचास. सासूबाई ओरडायच्या, अन्नावर काय लिहिता. शब्दकोश घेऊन दिवसाला एक पान, असं करत घड्याळाच्या पानावर आले, आणि त्याच दुपारी जाऊन दोन हजार सालचा जानेवारी उघडला. तुझ्याच अक्षरांनी मी तुझं निर्दोषपण शोधलं आणि त्यावर दहा महिने बसून राहिले.

घड्याळ मुद्दाम बरोबर केलं नाही. कुणी दुरुस्त करायला लागलं असतं तर मागची तारीख दिसली असती. ऑगस्टअखेर रेकॉर्डरच्या लेखी दोन हजार सालातला नोव्हेंबर चालू होता. रूपश्रीलाही मी हात लावू दिला नव्हता, नवी डिस्क घालेपर्यंत. मग डिस्क कुरकुरायला लागली आणि कळलं की मी न सांगता, न करता, आपोआप ते पुसलं जाणार आहे. सगळ्यात जुनं आधी, आणि यंत्राच्या लेखी तो दोन हजारचा जानेवारीच सगळ्यात जुना. मला नुसतं गप्प बसायचं होतं. सुहास, मोहही झाला. एक आठवडा मी रोज दुकानात जाऊन ती किरकिर ऐकत बसले. मग तुला पहिलं पत्र लिहिलं.

का, ते आता लिहिते.

तुला आमची पद्धत माहीत नाही, कारण ती दोघांतलीच होती. मोबाइल नवे होते तेव्हा एका फोनला पैसे पडायचे, तेव्हापासूनची. हे दुकानातून साडेअकराच्या सुमाराला रिंग द्यायचे. घरी येताना काही आणायचं असेल तर मी उचलायचं. काही नको असेल तर कट करायचं. कट केलं की त्यांनी समजायचं, सगळं आहे, काही नको, सावकाश या. पुढे फोन फुकट झाले, तरी पद्धत राहिली. पंधरा वर्षं रोज. कोथिंबीर हवी असेल तर उचलायचं, नाहीतर कट.

त्या दिवशी मी खिडकीत बसून वाचत होते. लायब्ररीचं पुस्तक, शेवटची वीसएक पानं राहिली होती. अकरा अडतीसला रिंग आली. मी पानावरून नजर न काढता कट केलं. तीन मिनिटांनी परत आली. मला राग आला. म्हटलं, एकदा सांगितलं ना काही नको. पुन्हा कट केलं आणि फोन उशीखाली ठेवला.

चित्रात असं आहे. अकरा छत्तीसला हे कात्री खाली ठेवतात आणि डावा खांदा दाबतात. स्टुलावर बसतात. घाम पुसतात, मापाच्या टेपनंच. मग फोन काढतात, कानाला लावतात. लगेच खाली घेऊन त्याच्याकडे बघतात. आणि मान हलवतात, रोज हलवत असतील तशी. बरं, काही नको, अशी. फोन काउंटरवर ठेवतात. तीन मिनिटं तसेच बसून असतात. परत उचलतात. परत कानापासून खाली घेतात. या वेळी मान हलवत नाहीत. फोन हातातच राहतो.

त्यानंतर त्यांनी कुणालाच फोन केला नाही. समोर हॉटेल, शेजारी कावेरी. हाक मारली असती तरी माणसं आली असती. मी म्हटलं होतं ना, सगळं आहे, काही नको.

अकरा बावन्नला ते पडले. पंचावन्नला कावेरी आली. मी बारा वाजून दहा मिनिटांनी आले, पुस्तक संपवून खाली उतरले तेव्हा गल्लीत माणसं धावत होती.

सगळ्यांना मी सांगितलं, फोन आतल्या खोलीत चार्जिंगला होता. हे तुलाही सांगितलं होतं. तू त्या दिवशी माझ्या शेजारी बसून म्हणालास, "वहिनी, तू काय करणार होतीस? तुला कुठे कळणार होतं?" आणि दहा दिवसांनी मी तुझ्याकडे बोट दाखवलं. कुणाकडे तरी दाखवायला हवं होतं. तू निर्दोष ठरलास की मग त्या खोलीत मीच उरत होते.

उद्या महालय अमावास्या. कावेरीनं केळीची पानं आणून ठेवली आहेत. तिला मी काल सांगितलं, अण्णांचा आवाज चढला होता तो कॉफी मागवायला. तिनं पानं भिंतीशी टेकवली. मग म्हणाली, "अक्का, मी भांडण म्हणाले नव्हते. आवाज म्हणाले होते. भांडण तुम्ही म्हणालात." तेही खरं आहे.

परवा मी परत रूपश्रीकडे गेले. जुनी डिस्क कापडातून सोडवून तिच्यापुढे ठेवली आणि म्हटलं, तू दिलेलं पुरं नाही, शेवटपर्यंत काढून दे. ती म्हणाली, "अक्का, तुम्हीच म्हणालात ना, तो जातो तिथपर्यंत?" मी म्हटलं, तिथं गोष्ट संपत नाही. तिनं लावलं. बघू नकोस म्हटलं तरी तिला तपासायला बघावंच लागलं. दुसऱ्या रिंगनंतर तिनं स्क्रीन माझ्यापासून थोडी फिरवली आणि उठून दोन चहा घेऊन आली. पैसे डिस्कचेच घेतले, कामाचे घेतले नाहीत.

आता सगळ्या प्रतींत एक तास वीस मिनिटं आहेत. तू आत येतोस तिथून कावेरी आत येते तिथपर्यंत. चार तारखेला मी हे सगळं दाखवणार आहे. बावीस माणसांना, अप्पासाहेबाला धरून. काल त्याला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, सुहासचं दाखव आणि थांब. पुढचं कशाला? तुझं तुझ्यापाशी राहू दे." भाऊच तो. पण माझं माझ्यापाशी राहिलं म्हणूनच तुझं निर्दोषपण अकरा महिने तुझ्यापाशी नव्हतं. मी थांबणार नाही. तू आलास तरी दाखवीन, नाही आलास तरी.

पार्सलमध्ये तिसरी प्रत आहे. प्रत दुसऱ्या घरी असावी, असं तू लिहिलंस. या घराला आग लागली, पाणी शिरलं, किंवा मी मेले आणि कुणी लुगडी झटकून टाकली, तर एक तरी राहायला हवी. मला दुसरं घर तुझं सोडून ठाऊक नाही. राखाडी पिशवी मी शिवली आहे, पाचवीच्या चड्ड्यांच्या त्याच ताग्यातल्या कापडाची. त्यांनी त्या दिवशी कापलेल्या तीन चड्ड्या नंतर मास्तरांनी शिवल्या, मुलांनी नेल्याही.

आत कागदात बन्नीचं एक पान आहे. हॉस्पिटलनं दिलेल्या शर्टाच्या खिशात निघालं होतं. तेव्हा मला कळलं नव्हतं, हे कुणी दिलं. तू दोन-चार दिली होतीस, बाकीचा चुरा झाला. एक मी ठेवलं, एक तुझं.

सहा महिन्यांनी चालवून बघायचं म्हणालास. म्हणजे मार्चमध्ये. मी हे आजवर अकरा वेळा बघितलं आहे. बघवत नाही असं नाही, बघवतं, आणि तेच वाईट आहे. मार्चमध्ये माझ्या दोन प्रती मी तपासीन. तुझी तू तपास. पुढचं नको वाटलं तर तुझी तेवीस मिनिटंच बघ, प्रत शाबूत आहे एवढं कळायला ती पुरतील.

रेकॉर्डरचा सेल बदलला. आता त्याला आजची तारीख कळते.

फोन तू करावास असं म्हणत नाही. पण केलास, आणि साडेअकराला केलास, तरी मी उचलीन. बोलायला सुचलं नाही तर नुसती धरून बसेन. ठेवायचा तो तू ठेव.

तू अजून म्हणत असशील तर,
तुझी वहिनी